आपटाआपटीचे जुने मूकपट: कुठून सुरू करायचं आणि बघायचं कसं

जुने मूकपट बहुतेक लोक अर्ध्यात सोडतात कारण सुरुवातच भलत्या टोकाने होते. कोणीतरी सांगतं चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स' बघ, जबरदस्त आहे, की माणूस रात्री अकरा वाजता एकटा, अंथरुणात पडून, मोबाइलवर, फोन आडवा करून ताणलेलं चित्र बघत बसतो, आणि पंधराव्या मिनिटाला रील्सवर. मग दुसऱ्या दिवशी म्हणतो काय नाय रे त्यात, नुसते पळतात आणि पडतात. अरे पण पळतात आणि पडतात हेच तर बघायचंय ना, फक्त ते बघायची पण एक रीत आहे आणि ती पाच मिनिटांत शिकता येते.

सगळ्यात आधी, एकट्याने बघू नका. हे मी हौसेने सांगत नाहीये, हे सिनेमे भरलेल्या थेटरासाठीच बनवलेत. बस्टर कीटन आणि हॅरल्ड लॉइड, मूकपटांतले दोन मोठे विनोदी नट, सिनेमा पूर्ण झाला की आधी साध्या पब्लिकला दाखवायचे, लोक कुठे हसतात ते बघायचे आणि मग कापाकापी करायचे किंवा परत शूटिंग करायचे. कीटनचा 'सेव्हन चान्सेस' १९२५ चा, त्यात तो डोंगरउतारावरून पळत येतो आणि चुकून दोन-तीन दगड त्याच्या मागे घरंगळतात, एवढंच होतं. पण ट्रायलला लोक नेमके तिथेच हसले म्हणून ह्या माणसाने परत जाऊन दीडेक हजार नकली दगड बनवून घेतले, लहान, मोठे, माणसापेक्षा मोठे, आणि अख्खी दगडांची दरड त्याच्या मागे लावली. म्हणजे तो सीन प्रेक्षकांनी लिहिलाय म्हणा ना. आता असा सीन एकट्याने मोबाइलवर बघून काय मजा येणार, बाजूला कोणीतरी 'आई गं' म्हणणारं पाहिजे.

गोव्यात आपल्याला ह्यासाठी माणसं शोधायला जावं लागत नाही. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळी मुळच्या घरी जमतात, पणजी-मडगाववाले, पुण्या-मुंबईवाले, एखादा दुबईवाला, आणि आरत्या झाल्या, घुमट-शामेळ ही आरतीची वाद्यं ठेवून दिली, जेवणं झाली की एक वेळ अशी येते की मोठे सुपारी कातरत बसलेत, पोरं नेवऱ्या (करंज्या) खात इकडून तिकडे धावतायत आणि बाहेर पाऊस. हीच वेळ. आणि कौलारू घरात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये पाऊस पडायला लागला की बोलपटाचा एक डायलॉग ऐकू येत नाही, कितीही व्हॉल्यूम वाढवा, मूकपटाला मात्र काही फरक पडत नाही. लाइट जायची भीती असते तेवढी, म्हणून फिल्म आधीच डाउनलोड करून लॅपटॉप फुल चार्ज ठेवायचा. छोटा प्रोजेक्टर कोणाकडून तरी मिळतो, पांढरी चादर इस्त्री करून सोप्यावर ताणून बांधायची, खालच्या दोन टोकांना पण दोरी लावा, नाहीतर वाऱ्याने चॅप्लिनचं पोट फुगतं. प्रोजेक्टर नसेल तर टीव्ही चालेल. मोबाइल नको, का ते पुढे येईलच.

आता कुठून सुरू करायचं. दोन तासांचा सिनेमा पहिल्या दिवशी लावायचाच नाही. त्या काळात ह्यातले बरेचसे सिनेमे दोन रिळांचे, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांचे असायचे आणि खरी धमाल तिथेच आहे. माझा क्रम ठरलेला आहे. पहिला कीटनचा 'वन वीक', १९२०. नवीन लग्न झालेलं जोडपं, त्यांना लग्नात भेट म्हणून खोक्यांमधून घर येतं, नंबर बघून जोडायचं, आणि नवरीचा एक नाकारलेला उमेदवार येऊन खोक्यांवरचे नंबर बदलून जातो. मग जे घर उभं राहतं! दार वरच्या मजल्यावर हवेत उघडतंय, भिंती तिरक्या, आणि वादळ आलं की अख्खं घर गोल गोल फिरतंय आणि पाहुणे आतून बाहेर फेकले जातायत. आपल्याकडे ज्याने ज्याने घर बांधलंय, कंत्राटदार आणि गवंडी यांच्यामध्ये सापडलाय, त्याला हा सिनेमा समजावून सांगायची गरज नाही.

त्याचा शेवट मी इथे सांगून टाकतो कारण तो माहीत असूनही तेवढाच चालतो. घर चुकीच्या प्लॉटवर बांधलंय असं कळतं, मग ते गाडीला बांधून ओढत न्यायला लागतात आणि ते नेमकं रेल्वेच्या रुळांवर अडकतं. समोरून ट्रेन येते. दोघं ढकलून थकतात, हताश होऊन बाजूला होतात, डोळे झाकतात, आणि ट्रेन बाजूच्या रुळावरून निघून जाते. हुश्श. तुम्ही पण हुश्श करता. आणि त्याच सेकंदाला दुसऱ्या बाजूने दुसरी ट्रेन येऊन घराचा चुरा करते. इथे थांबून पोरांना विचारा की कसं फसवलं आपल्याला. पहिल्या ट्रेनने आपली सगळी भीती काढून घेतली, खिसा रिकामा केला आणि मग मारलं. हा सगळ्या प्रकाराचा पाया आहे, पडणं हा जोक नसतो, पडायच्या आधी तुम्हाला काय वाटत होतं त्यात जोक असतो. एकदा हे ध्यानात आलं की पुढचे सगळे सिनेमे वेगळे दिसायला लागतात.

दुसरा, चॅप्लिनचा 'द पॉनशॉप', १९१६. अख्खा बघा पण घड्याळाच्या सीनला सगळ्यांना गप्प बसवा. चॅप्लिन गहाणवट्याच्या दुकानात नोकर, एक गिऱ्हाईक गजराचं घड्याळ घेऊन येतं. चॅप्लिन ते स्टेथोस्कोपने तपासतो, डॉक्टर पेशंटला तपासतो तसं, ठोकून बघतो, मग डबा फोडायच्या ओपनरने मागचं झाकण कापून उघडतो, आत वाकून वास घेतो आणि तोंड असं करतो की बांगडा खराब निघाला. मग तेल घालतो, एकेक पार्ट बाहेर काढतो, स्प्रिंग टेबलावर किड्यासारखी वळवळते तर तिच्यावर पण तेल. शेवटी सगळा भंगार गोळा करून त्या माणसाच्या टोपीत भरतो, टोपी त्याच्या हातात देतो आणि मान हलवतो, नाही, चालणार नाही. आता दुसऱ्यांदा बघताना चॅप्लिनकडे बघूच नका, गिऱ्हाइकाकडे बघा. तो बापडा काहीच करत नाही, नुसता बघत उभा आहे, आणि त्याच्या त्या बघण्यामुळेच सीन उभा राहतो. सरकारी ऑफिसच्या काउंटरवर आपली फाइल कोणीतरी उलटीपालटी करत असताना आपण जसे उभे असतो ना, अगदी तसा.

तिसरा, लॉरेल आणि हार्डीचा 'बिग बिझनेस', १९२९. हे दोघे भर उन्हाच्या कॅलिफोर्नियात दारोदार ख्रिसमस ट्री विकतायत, एका घरमालकाशी वाजतं, तो ह्यांचं झाड कापतो, हे त्याच्या दाराची चौकट तासतात, तो ह्यांच्या गाडीचा दिवा उपटतो, हे त्याची बेल, आणि शेवटी एका बाजूला गाडीचे तुकडे आणि दुसऱ्या बाजूला अख्ख्या घराचा सत्यानाश. मजा कशात आहे सांगतो. कोणीच कोणाला अडवत नाही! एक जण दुसऱ्याचं नुकसान करत असताना दुसरा शांतपणे उभा राहून बघतो, आपला नंबर यायची वाट बघतो, मग जातो. पोलीस पण येतो तर गाडीत बसून वहीत टिपणं काढतो. वाड्यावर बांधावरून, नारळाच्या झाडावरून, पावसाच्या पाण्याच्या वाटेवरून भांडणारे दोन शेजारी ज्यांनी बघितलेत त्यांना हा सिनेमा डॉक्युमेंटरी वाटेल.

ह्या तिघांनंतर घरात आपोआप पार्ट्या पडतात, चॅप्लिनवाले आणि कीटनवाले. मी कीटनवाला, लपवत नाही. चॅप्लिन मला आवडतो पण तो मध्येच डोळ्यांत पाणी आणायला बघतो, कीटन कधीच दया मागत नाही. पण आमच्याकडे आत्या-मामी सगळ्या चॅप्लिनकडे आणि पोरं लॉरेल-हार्डीकडे, सो बहुमत कधीच मिळत नाही.

आता टेक्निकल गोष्टी, कंटाळू नका कारण अर्धी मजा इथे जाते. त्या वेळचे कॅमेरे हाताने हँडल फिरवून चालायचे, सेकंदाला साधारण सोळा ते वीसच्या आसपास फ्रेम, कधी जास्त. पुढे बोलपट आले आणि चोवीस फिक्स झालं. मग जुना सिनेमा चोवीसने चालवला की सगळे मुंग्यांसारखे तुरुतुरु धावतात आणि लोकांना वाटतं जुने सिनेमे असेच असतात. यूट्यूबवर अशी कॉपी मिळाली तर सेटिंगमध्ये स्पीड ०.७५ करा, चोवीसचं अठरा होतं, माणसं माणसांसारखी चालायला लागतात. म्युझिक रेंगाळतं मग, ते बंदच करायचं, त्यावर उपाय पुढे आहे. पण सगळंच हळू करू नका हां, पाठलागाचे सीन त्यांनी मुद्दाम हँडल हळू फिरवून घेतलेत म्हणजे पडद्यावर फास्ट दिसावेत, निर्माता मॅक सेनेटच्या कीस्टोन कंपनीच्या सिनेमांतल्या गोंधळी पोलिसांचं तर सगळं दुकानच त्यावर चालायचं. चहा पिणारा माणूस नॉर्मल दिसतोय ना एवढं बघा, तो ठीक असेल तर पाठलाग पण ठीक.

कॉपी कशी ओळखायची, कीटनचे डोळे दिसतात का बघा. कॉपीची कॉपीची कॉपी असली की चेहरा म्हणजे पांढरा पेढा होतो, नाक डोळे गायब, आणि ह्या माणसाचं सगळं डोळ्यांत आहे. चित्र जवळजवळ चौकोनी असायला पाहिजे, टीव्ही रुंद आहे म्हणून ताणायचं नाही, बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू देत. झूम तर अजिबात नको, त्यात पाय कापले जातात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये मोशन स्मूद करायचा ऑप्शन असतो तो बंद करा. आणि हल्ली रंग भरलेल्या, एआयने गुळगुळीत केलेल्या कॉप्या फिरतायत, त्या बघूच नका, माणसं मेणाची दिसतात आणि पडताना वजनच जाणवत नाही. चांगली रिस्टोअर केलेली कॉपी शोधायला दहा मिनिटं घालवा, इंटरनेट अर्काइव्ह ह्या वेबसाइटवर पण बरंच काही आहे. कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं, त्यामुळे हे सिनेमे मोकळे आहेत, नंतर जोडलेल्या नवीन म्युझिकचे हक्क मात्र वेगळे असू शकतात.

म्युझिकचा उपाय. मूकपट कधीच मुके नव्हते, थेटरात कोणीतरी पियानो नाहीतर ऑर्केस्ट्रा वाजवायचं आणि आपल्या देशात पेटी-तबला. चवथीला घरात पेटी आहे, घुमट आहे, शामेळ आहे, झांजा आहेत, वाजवणारे पण तिथेच पान चघळत बसलेत, अजून काय पाहिजे. पेटीवाल्या काकांना पडदा दिसेल असं बसवा, सांगा की चाल कुठलीही धरा पण तो माणूस थांबला की तुम्ही थांबा. पडण्याच्या क्षणी घुमटावर थाप द्यायचा मोह सगळ्यांना होतो, पण थाप तो माणूस पडल्यानंतर अर्ध्या सेकंदाने द्यायला सांगा, आधी दिली तर जोक फुटतो. पहिल्या दहा मिनिटांत गोंधळ होईल, मग जमतं. आणि इंग्लिश पाट्या वाचायला एकाला बसवा, त्याने शब्दाला शब्द सांगत बसायची गरज नाही, 'घर चुकीच्या प्लॉटवर आहे म्हणे' एवढं पुरे. आजी मध्येच 'अरे फाटीं पळय रे!' (मागे बघ रे!) म्हणून पडद्यावरच्या माणसाला ओरडणारच, ओरडू दे, तेच बॅकग्राउंड म्युझिक.

बघायचं काय, तर पाय. चेहऱ्याची सवय आपल्याला टीव्ही सिरियलींनी लावली, दर दोन सेकंदाला तोंडाचा क्लोजअप. इथे माणूस बहुतेक वेळ डोक्यापासून पायापर्यंत फ्रेममध्ये असतो कारण जे चाललंय ते सगळ्या अंगाने चाललंय, म्हणून मोबाइल नको म्हटलं, त्यात पाय दिसतच नाहीत. पेडण्याकडे दशावतार बघितलेल्यांना हे नवीन नाही, संकासूर नुसता चालत आला की लोक हसायला लागतात, अजून तो काही बोललेला पण नसतो. चॅप्लिन कोपऱ्यावर वळताना एका पायावर घसरत वळतो ते बघा, हार्डी टाय हलवतो तेव्हा खांदे कुठे जातात ते बघा. कीटन तर लहानपणापासून आईबापाबरोबर स्टेजवर, आणि त्यांचा ॲक्ट काय तर बाप ह्या पोराला उचलून सेटवर फेकायचा. तेव्हाच त्याच्या लक्षात आलं होतं की तो स्वतः हसला नाही की लोक जास्त हसतात, म्हणून मोठेपणी पण तो थोबाड दगडासारखं ठेवतो.

आणि दुसरी गोष्ट, कट कुठे होतो. कट झाला नाही म्हणजे ते खरंच झालंय. 'स्टीमबोट बिल ज्युनिअर', १९२८, वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत कीटनच्या अंगावर पडते आणि तो वाचतो कारण माळ्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्या डोक्यावरून येते. खरी जड भिंत, खरा माणूस, दोन्ही बाजूंना काही इंचांची जागा. 'शेरलॉक ज्युनिअर', १९२४, पाण्याच्या टाकीखालच्या सीनमध्ये पाण्याचा लोट अंगावर येऊन तो रुळांवर आपटला, मान मोडली होती, ते कळलं कित्येक वर्षांनी एक्स-रे काढला तेव्हा. हॅरल्ड लॉइडचा 'सेफ्टी लास्ट', १९२३, तो घड्याळाच्या काट्याला लटकलेला फोटो सगळ्यांनी बघितलेला असतो. त्यात चलाखी आहे, सेट खऱ्या बिल्डिंगच्या गच्चीवर बांधलेला आणि खाली गाद्या टाकलेलं मचाण, कॅमेरा असा लावलाय की मचाण दिसत नाही, रस्ता दिसतो. पण हे सांगायच्या आधी घरच्यांना एकदा बघू द्या, मग सांगा, आणि मग हे पण सांगा की १९१९ मध्ये फोटो काढताना नकली समजलेला बॉम्ब हातात फुटून लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि बाजूचं बोट गेलं होतं, तो खास हातमोजा घालून काम करायचा. आठ बोटांनी चढतोय तो. परत लावा म्हणतील, लावा.

मोठे सिनेमे दुसऱ्या रात्रीसाठी. 'शेरलॉक ज्युनिअर' पाऊण तासाचाच आहे, तो पुलासारखा मध्ये घ्या. मग 'द गोल्ड रश', १९२५, उपाशी चॅप्लिन बूट शिजवून खातो, तो बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा केलेला होता, आणि काट्यांना पाव टोचून नाच करतो. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला पोडेराकडचे (पाववाल्याकडचे) उंडे पाव आले की पोरं नाचवणार, तयारी ठेवा. ह्या सिनेमाच्या दोन आवृत्त्या मिळतात, १९४२ ला चॅप्लिनने स्वतःच्या आवाजात निवेदन घालून परत काढला होता, माझं मत १९२५ चीच घ्या, चांगल्या सीनवर बडबड कशाला. चॅप्लिनचाच 'मॉडर्न टाइम्स', १९३६, नोकरी करणाऱ्या सगळ्यांसाठी, कामगाराला जेवायची सुट्टी द्यावी लागू नये म्हणून आणलेलं भरवायचं मशीन बिघडतं तो सीन ऑफिसात व्हॉट्सॲपवर फिरवण्यासारखा आहे. 'सिटी लाइट्स' आता लावा. १९३१, बोलपट येऊन चार वर्षं झाली होती तरी चॅप्लिनने हट्टाने मुका ठेवला, म्युझिक स्वतः केलं, आणि सुरुवातीलाच पुतळ्याच्या अनावरणाला भाषण करणाऱ्या पुढाऱ्यांच्या तोंडी शब्दांऐवजी नुसती पिपाणीसारखी पें पें दिलीय. कुठल्याही इलेक्शनच्या वर्षात चालतो हा सीन.

कीटनचा 'द जनरल', १९२६, मी शेवटी ठेवतो. त्यात हसू कमी आणि आ वासून बघणं जास्त, खरं रेल्वे इंजिन जळत्या पुलावरून नदीत पडतं, एकच संधी होती, रीटेक नाही. पहिल्यांदा लावला तर पोरं विचारतील जोक कधी येणार. आणि तो तेव्हा चाललाही नव्हता फारसा, आता डोक्यावर घेतात.

एक सावधगिरी, पोरांबरोबर बसणार असाल तर सिनेमा आधी स्वतः चाळून घ्या. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतले आहेत हे, काळ्या लोकांची टिंगल, गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून केलेली कामं असतात, वर सांगितलेल्या 'सेव्हन चान्सेस' मध्ये पण आहेत. मी ते सीन गपचूप पुढे ढकलत नाही, थांबवून सांगतो की हे तेव्हा चालायचं, आज चालत नाही, आणि पुढे जातो. मोठ्या पोरांना समजतं. बाकी मारामारी आणि पडापडीची नक्कल होणारच, सोप्याच्या पायऱ्यांवरून कोणी कीटन होत नाही ना एवढं लक्ष ठेवा, पावसात शेवाळ असतं.

मूकपट पचले की बोलपटांकडे यायला लॉरेल-हार्डीचा 'द म्युझिक बॉक्स', १९३२, ह्याला ऑस्कर पण मिळालंय. पियानो एका लांबलचक जिन्यावरून वर न्यायचा, बस्स एवढीच स्टोरी, आणि तो जिना लॉस एंजेलिसमध्ये अजून आहे. आपल्याकडचं काही हवं असेल तर कमल हासनचा १९८७ चा 'पुष्पक', एक डायलॉग नाही अख्ख्या सिनेमात. आणि पणजीला राहणाऱ्यांनो, नोव्हेंबरात इफ्फीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळापत्रकात रिस्टोअर केलेले जुने सिनेमे अधूनमधून लागतात, कधी ह्यातला एखादा लागला तर नवीन सिनेमाची लाइन सोडून तिकडे जा, मोठ्या पडद्यावर पाय कसे दिसतात ते कळेल.

आणि एक खेळ ठेवा शेवटच्या रात्रीसाठी. फ्रान्सच्या मॅक्स लिंडेरचा 'सेव्हन इयर्स बॅड लक', १९२१, त्यात नोकरांच्या हातून आरसा फुटतो आणि मालकाला कळू नये म्हणून त्याच्यासारखा दिसणारा आचारी रिकाम्या चौकटीपलीकडे उभा राहून त्याची नक्कल करतो. तो सीन लावा, आणि लगेच मार्क्स ब्रदर्स ह्या अमेरिकन विनोदी भावांच्या 'डक सूप', १९३३, मधला आरशाचा सीन, बोलपट असूनही ते दोन-तीन मिनिटं एकदम चिडीचूप. मग मतदान घ्या. आमच्याकडे लिंडेर हरतो दर वेळी आणि मला ते अजिबात मान्य नाही.